डिझेल ट्रक बंद पडला आणि पुन्हा चालू होत नाही: दोष शोधण्याचा योग्य क्रम

चालता चालता बंद पडलेल्या ट्रकजवळ पोहोचल्यावर बहुतेक जण आधी पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात आणि मग हाताला लागेल तो नट ढिला करून एअर (डिझेलच्या पाइपांत शिरलेली हवा) काढायला लागतात. या दोन्हींमुळे मूळ दोषाच्या खुणा पुसल्या जातात. बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो, आणि ज्या पाइपांत हवा नव्हती त्यांतही आपल्याच हाताने हवा शिरते. तासाभराने गाडीत एकाऐवजी तीन दोष असतात आणि पहिला कोणता होता हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात कोणता भाग कसा बदलावा यापेक्षा काय आधी पाहावे आणि काय नंतर, यावर भर दिला आहे.

डिझेल इंजिन चालू होण्यासाठी चार गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणे, मोकळी हवा, योग्य वेळी योग्य दाबाने आलेले डिझेल, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा घट्ट दाबली जाणे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजल्यामुळे कॉम्प्रेशन गेले तर ते एकेका सिलिंडरमधून आणि महिनोन्‌महिने हळूहळू जाते. डिझेल मात्र टाकीपासून पंपापर्यंतच्या एका फटीमुळे सहाही सिलिंडरांना एकाच वेळी बंद होते. त्यामुळे रस्त्यात पूर्णपणे बंद पडलेल्या गाडीत संशय आधी डिझेलच्या वाटेवर आणि विजेवर घ्यायचा आणि इंजिन उघडण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा.

तयारी: सोबत काय असावे

१० ते १९ नंबरचे पाने, मल्टिमीटर, चाचणी दिवा, चांगली बॅटरी, पारदर्शक प्लास्टिकची बाटली, सुमारे एक मीटर पारदर्शक डिझेलची नळी, दोन-तीन क्लॅम्प, योग्य मापाचे तांब्याचे नवे वॉशर, एक नवा डिझेल फिल्टर, आणि झाकणाच्या कॅनमध्ये पाच-दहा लिटर स्वच्छ डिझेल. या यादीतील पारदर्शक नळी आणि डिझेलचा कॅन या दोन वस्तू बहुतेकांकडे नसतात, आणि सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो. गाडी संगणक-नियंत्रित असेल तर दोषसंकेत वाचणारा स्कॅनरही लागेल.

गाडीची इंधनप्रणाली कोणती आहे हे वर्षावरून ठरवू नये. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक देशभर लागू झाले तरी त्या काळातील काही ट्रकांवर इनलाइन पंपच होता. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ जड गाड्या मात्र कॉमन रेलच्या आहेत. ओळख सोपी आहे. पंपातून निघालेले स्वतंत्र पाइप थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलला गेले असतील तर तो इनलाइन किंवा रोटरी पंप. पंपातून एक पाइप जाड दांड्यासारख्या नळीला आणि त्या नळीतून सर्व इंजेक्टरांना पाइप गेले असतील तर ती कॉमन रेल.

१. गाडी आणि माणसे सुरक्षित करणे

इंजिन बंद झाले की एअर ब्रेकची टाकी भरणे थांबते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. म्हणून गाडी शक्य तितकी डावीकडे घेऊन पार्किंग ब्रेक लावावा आणि चाकांना लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. चढावर ते चाकांच्या मागे आणि उतारावर पुढे. परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. वाहत्या महामार्गावर गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

केबिन उचलून काम करायचे असेल तर आधी केबिनमधील डबे, पाण्याचे कॅन, जॅक, देवाची तसबीर असे सर्व सुटे सामान काढून घ्यावे. केबिन पूर्ण उचलून तिचा सुरक्षा-खटका बसल्याची खात्री केल्याशिवाय खाली डोके घालू नये. गाडीचे तोंड तीव्र उताराकडे असताना केबिन उचलूच नये.

> इशारा: घाटात बंद पडलेली गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर सोडून चालू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन लागले नाही तर हातात ना हवा राहते, ना स्टिअरिंग.

२. पाना उचलण्याआधी विचारायचे प्रश्न

ड्रायव्हरला पाच मिनिटे शांतपणे बोलू द्यावे. बंद पडण्याची पद्धत हाच सर्वांत मोठा पुरावा असतो, आणि तो फक्त त्याच्याकडे असतो.

बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद पडली, की आधी पिकअप गेला, इंजिन हेलकावे खाऊ लागले आणि मग बंद पडले? पहिल्या प्रकारात संशय वायरिंग, रिले, स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद-चालू करणारा विजेचा खटका) किंवा क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरते ते संगणकाला कळवणारा) यांवर जातो. दुसऱ्या प्रकारात डिझेल कमी पडणे किंवा हवा शिरणे हे जवळजवळ ठरलेले असते. बंद पडताना डॅशबोर्डवरील सगळे दिवे एकदम गेले का? चढावरच बंद पडली का? टाकीत डिझेल कमी असताना चढावर डिझेल टाकीच्या एका बाजूला सरकते आणि शोषणनळी उघडी पडून हवा ओढते. आदल्या वेळी डिझेल कुठे भरले? पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली का? पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर चालू होते आणि गरम झाल्यावर पुन्हा बंद पडते, असे आधी घडले आहे का?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: गाडीवर शेवटचे काम कोणते झाले? काल फिल्टर बदलला असेल तर आज एअर घेण्याचे कारण त्या फिल्टरच्या आजूबाजूलाच शोधावे. माझा अनुभव असा आहे की या एका प्रश्नाने अर्धे दोष सापडतात, आणि तरीही तो विचारायला लोक सर्वांत शेवटी आठवतात.

३. सेल्फ मारूच नये अशा तीन परिस्थिती

पहिली, इंजिनने पाणी ओढल्याची शक्यता. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचे घर उघडून हात घालावा. आतील कागद ओला असेल तर नोझल किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर मोकळे केल्याशिवाय इंजिन फिरवू नये. कोकणात आणि मुंबईच्या आसपास पावसाळ्यात ही तपासणी कधीही चुकवू नये.

दुसरी, इंजिन तापून किंवा ऑइलचा दाब जाऊन बंद पडले असणे. ऑइलची पट्टी पाहावी. पातळी एकदम वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास असेल तर डिझेल इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात (संपमध्ये) उतरत आहे. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. दोन्ही वेळा सेल्फ मारू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिन थंड झाल्यावर क्रँकच्या पुलीवर पाना लावून ते हाताने पूर्ण दोन फेरे फिरते का हे पाहावे, आणि त्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा.

तिसरी, डिझेलच्या टाकीत चुकून डीईएफ, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण, ओतले जाणे. हे द्रावण म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. ते पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेले तर त्याचे खडे होतात आणि खर्च लाखांत जातो. अशा वेळी चावीसुद्धा फिरवू नये, कारण काही गाड्यांत चावी फिरवताच टाकीतील विजेचा पंप चालू होतो. टाकी उतरवून धुणे हाच एक मार्ग आहे.

४. इंजिन पुरेशा वेगाने फिरते का?

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. गाडी काही वेळ बंद असताना दोन्हींचा मिळून व्होल्टेज २५.२ च्या आसपास असेल तर त्या पूर्ण भरलेल्या आहेत, २४.४ म्हणजे साधारण अर्ध्या. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टेज १९ च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतो आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण एक खराब बॅटरी दुसरीलाही खाली ओढते.

बॅटरीवर व्होल्टेज चांगला आणि तरीही इंजिन मंद फिरत असेल तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. सेल्फनंतर केबलच्या टोकांना हात लावून पाहावा. जे टोक गरम झाले असेल तिथे जोड खराब आहे.

इंजिन मुळीच फिरत नसेल तर बॅटरीचा मुख्य स्विच, मोठे फ्यूज, स्टार्टरचा रिले आणि गिअर न्यूट्रल असल्याची किंवा क्लच दाबल्याची खबर देणारे स्विच या क्रमाने तपासावे. स्टार्टरचा फक्त एक टक असा आवाज येत असेल आणि बॅटरी व केबल ठीक असतील, तर दोष स्टार्टरमध्ये आहे किंवा इंजिन जाम आहे. पुलीवरच्या पान्याने इंजिन हाताने फिरले तर ते जाम नाही.

> तपासणी: सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान दोन मिनिटे थांबावे. इंजिन मंद फिरत असताना डिझेलची वाट तपासण्यात वेळ घालवू नये. आधी बॅटरीची सोय करावी.

५. धूर आणि आरपीएमचा काटा

इंजिन चांगल्या वेगाने फिरते पण पकडत नाही, अशा वेळी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे.

काहीच धूर नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. सहावा टप्पा पाहावा. पांढरा किंवा करडा धूर भरपूर येत असेल तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही: डिझेलमध्ये पाणी, चुकलेले टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. धक्के देत काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे. नववा टप्पा पाहावा. बीएस-६ गाडीत धूर गाळणारी यंत्रणा सायलेन्सरमध्येच असते, त्यामुळे तिथे धूर न दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये आणि स्कॅनरवर विसंबावे.

त्याच वेळी डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा पाहावा. संगणक-नियंत्रित इंजिन फिरत असताना काटा शून्यावरच राहिला तर क्रँक सेन्सरचा संकेत संगणकापर्यंत पोहोचत नाही, आणि तो संकेत नसेल तर संगणक डिझेल सोडत नाही. असे दिसले तर सहावा टप्पा सोडून थेट आठव्याकडे जावे.

६. टाकीपासून पंपापर्यंत: डिझेलची शोषणवाट

बहुतेक बंद पडलेल्या गाड्यांचे उत्तर याच टप्प्यात असते, त्यामुळे इथे घाई करू नये. इनलाइन पंप असो वा कॉमन रेल, टाकीपासून सुरुवात करून पंपाकडे जावे, उलट दिशेने नव्हे.

काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत स्वच्छ काठी घालून डिझेल मोजावे. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला तर झाकणाचे छिद्र चिखलाने बुजलेले आहे. टाकीत निर्वात झाल्यामुळे डिझेल पुढे येत नव्हते. झाकण ढिले ठेवून गाडी चालू झाली तर दोष सापडला, पण छिद्र साफ करूनच गाडी पुढे न्यावी.

पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा खालचा स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत पाव लिटर डिझेल घ्यावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी तळाशी बसते आणि वरच्या डिझेलपासून त्याची रेषा स्पष्ट दिसते. पाणी निघत राहिले तर फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकीच रिकामी करावी लागेल. तळाशी काळा, बुळबुळीत थर दिसला तर टाकीतल्या शोषणनळीच्या जाळीवरही तोच बसलेला असणार.

आता हवेविषयी, कारण सर्वांत जास्त चूक इथे होते. टाकी आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधली वाट ओढणारी आहे. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. त्यामुळे "कुठे ओले दिसत नाही, म्हणजे गळती नाही" हा निष्कर्ष या भागात चुकीचा ठरतो. अशा गाडीचे आणखी एक लक्षण म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच सेल्फ मारावा लागणे, कारण फटीतून हवा शिरून पाइपातले डिझेल परत टाकीत उतरते.

लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा घेऊन निघालेला सहा सिलिंडरचा एक ट्रक इगतपुरीपाशी, कसारा घाट सुरू होण्याआधी बंद पडला होता आणि मी पोहोचेपर्यंत त्याच्यावर तीन तास काम झाले होते. सर्व नोझलचे नट ढिले करून आवळले होते, एक नट इतका आवळला होता की पाइपचे टोकच चिरले होते, आणि दर वेळी एअर काढल्यावर गाडी दोन मिनिटे चालून पुन्हा बंद पडत होती. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडल्यावर तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना दिसले. टाकीच्या वर रबरी नळीवर जो क्लॅम्प होता त्याच्या काठाशी नळी अंगठ्याने वाकवली, तेव्हा केसाएवढी चीर उघडली. सरळ असताना ती दिसतच नव्हती. नळी दोन इंच कापून पुन्हा बसवली. घाट उतरण्याआधी खरा वेळ गेला तो चिरलेला पाइप मिळवण्यात.

म्हणून फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडून हातपंप (हाताने डिझेल ओढण्याचा छोटा पंप) मारावा आणि बुडबुडे पाहावेत. बुडबुडे दिसले तर नळी एकेक जोड टाकीकडे सरकवत जावी. ज्या जोडापलीकडे बुडबुडे थांबतात, तो जोड दोषी. कॅनची चाचणी याहून जलद आहे: फीड पंपाची शोषणनळी टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडावी, एअर काढावी आणि गाडी चालू करून पाहावी. चालू होऊन चालत राहिली तर पंप, नोझल आणि इंजिन निर्दोष आहेत आणि दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात आहे.

शेवटी फिल्टर. काढलेल्या फिल्टरचा रबरी वॉशर घरालाच चिकटून राहिला नाही ना हे बोटाने पाहावे. दोन वॉशर एकावर एक बसले तर गाडी हमखास हवा घेते. कॉमन रेलच्या गाडीत नवा फिल्टर मधल्या भोकातून डिझेल ओतून भरू नये, कारण ती गाळलेल्या डिझेलची बाजू आहे आणि तिथे पडलेला कण थेट इंजेक्टरमध्ये जातो. फिल्टर कोरडा बसवून हातपंपाने भरावा.

> तपासणी: हातपंप सुरुवातीला हलका आणि डिझेल भरल्यावर कडक लागला पाहिजे. कितीही मारून हलकाच राहिला तर तो हवा ओढतो आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेला आहे. पहिल्या दाबापासूनच दांडा वर येताना ओढून धरल्यासारखा वाटला तर शोषणवाट कुठेतरी बुजलेली आहे.

७. इनलाइन पंपाची गाडी: स्टॉप लिव्हर, मग एअर

एअर काढण्याआधी पंपावरचा स्टॉप लिव्हर पाहावा. केबल अडकून किंवा सोलेनॉइड बिघडून लिव्हर बंद स्थितीतच राहिला असेल तर तासभर एअर काढूनही गाडी चालू होणार नाही. लिव्हर हाताने दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहावा. सोलेनॉइड दोन प्रकारचे असतात: काहींना वीज मिळाली की इंजिन चालते, काहींना वीज मिळाली की इंजिन बंद होते. पहिल्या प्रकारात चावी चालू करताच त्याच्या वायरवर २४ व्होल्ट यायला हवेत आणि टक असा आवाज यायला हवा. रोटरी पंपाच्या छोट्या ट्रकात हा सोलेनॉइड पंपावरच बसलेला असतो आणि तो पहिल्या प्रकारचा असतो. त्याची वायर तुटली की गाडी बटण दाबल्यासारखी बंद पडते.

लिव्हर ठीक असेल तर एअर ठरलेल्या क्रमानेच काढावी: फिल्टर, मग पंप, मग नोझल. फिल्टरवरचा स्क्रू दोन फेरे ढिला करून, बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत हातपंप मारावा आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. धार थांबल्यावर आवळला तर हवा परत आत जाते. पंपावरच्या स्क्रूसाठी हेच करावे. त्यानंतर दोन किंवा तीन नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. नटांपाशी डिझेल धक्क्याधक्क्याने उसळू लागले की सेल्फ थांबवून ते आवळावेत. सर्व नट ढिले करण्याची गरज नाही. दोन-तीन सिलिंडरांवर इंजिन पकडले की बाकीचे स्वतःच हवा बाहेर टाकतात.

फिल्टरपर्यंत सलग धार, पंपावरही धार, पण नोझलच्या नटापाशी काहीच नाही, असे झाले तर पंपाच्या कपलिंगकडे पाहावे. सेल्फ मारताना ते फिरत नसेल तर कपलिंग किंवा टायमिंगचा गिअर तुटला आहे. ते फिरते, लिव्हर चालू स्थितीत आहे आणि तरीही डिझेल नाही, तेव्हाच पंप काढून पंपवाल्याकडे न्यावा.

८. कॉमन रेलची गाडी

> इशारा: इंजिन फिरत असताना रेलचे किंवा इंजेक्टरचे पाइप कधीही ढिले करू नयेत. चालत्या इंजिनात त्यांतला दाब १,६०० बारच्याही पुढे जाऊ शकतो. सुईच्या टोकाएवढी धार कातडीतून आत शिरते, जखम टोचल्यासारखी लहान दिसते, आणि काही तासांत बोट गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी लगेच शल्यचिकित्सकाकडे जावे आणि जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे. गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी.

या गाड्यांत एअर काढायची ती फक्त फिल्टरपर्यंत, हातपंपाने किंवा चावी चालू-बंद करून विजेच्या पंपाने. पुढची हवा सेल्फ मारल्यावर आपोआप निघते.

त्यानंतर स्कॅनर जोडून आधी साठवलेले दोषसंकेत लिहून घ्यावेत, पुसू नयेत. जड गाड्यांत दोष कशात आहे हे एसपीएन या क्रमांकाने कळते: एसपीएन १५७ म्हणजे रेलचा दाब, एसपीएन ९४ म्हणजे डिझेलपुरवठ्याचा दाब आणि एसपीएन ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी. दोषसंकेत हा निकाल नव्हे. १५७ आला म्हणून रेलचा सेन्सर बदलणे ही अतिशय महागडी सवय आहे, कारण बहुतेक वेळा सेन्सर खरेच सांगत असतो की दाब नाही.

सेल्फ मारताना रेलचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर पाहावा. साधारण २०० बारच्या खाली बहुतेक इंजिने इंजेक्टर उघडतच नाहीत. नेमका आकडा त्या इंजिनच्या पुस्तिकेतून घ्यावा. दाब तयार होत नसेल तर पुन्हा सहाव्या टप्प्याची खात्री करावी. शोषणवाट निर्दोष असेल तर तीन जागा उरतात: जास्त दाबाच्या पंपावरचा, त्यात किती डिझेल जायचे ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, रेलच्या टोकाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, आणि इंजेक्टर. रेलच्या व्हॉल्व्हची परतीची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारल्यास तिच्यातून डिझेल यायला नको. आले तर व्हॉल्व्ह गळतो. इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडल्यास ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला. यामुळे सहाच्या सहा इंजेक्टर काढण्याची वेळ येत नाही.

दाब पुरेसा आहे आणि तरीही इंजिन पकडत नाही, किंवा आरपीएमचा काटा हलत नाही, तेव्हा क्रँक आणि कॅम सेन्सर पाहावेत. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर चालू होणारी गाडी बहुधा क्रँक सेन्सरची असते. तो काढल्यावर टोकाला लोखंडी कीस चिकटला असेल तर पुसून पुन्हा प्रयत्न करावा. नवा सेन्सर बसवण्याआधी त्याची वायर तपासावी: केबिन जिथे वाकते तिथे, गिअरबॉक्सच्या वर आणि चासीच्या कोपऱ्यांत वायरिंग घासते; अनेक दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर कुरतडतात. इंजिन चालू असताना कनेक्टर हलवल्यावर ते अडखळले तर दोष तिथेच आहे. संगणकाचा मुख्य रिले आणि फ्यूज दिसायला चांगला असला तरी भार असताना दिव्याने तपासावा.

बीएस-६ गाडीत बॅटरी काढायची असेल तर चावी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. डीईएफची यंत्रणा त्या वेळात आपल्या नळ्या रिकाम्या करते. मध्येच वीज तोडली तर आत युरियाचे खडे होतात.

९. हवा आणि एक्झॉस्ट

हा टप्पा लवकर होतो, पण चुकू नये. एअर फिल्टर काढून एकदा सेल्फ मारून पाहावा, आणि त्या वेळी उघड्या नळीजवळ कापड किंवा हात नेऊ नये. टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीचा आतला थर सुटला तर बाहेरून ती चांगली दिसते आणि आतून चिकटून हवा बंद करते. घाटात चालणाऱ्या गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेकची झडप गंजून बंद स्थितीत अडकते. इंजिनाला श्वास सोडायलाच वाट राहत नाही. झडपेचा हात बाहेरून हलवून ती मोकळी आहे का हे पाहावे.

> इशारा: एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारणे किंवा पेट्रोलचा बोळा धरणे हा उपाय नव्हे. हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात यामुळे स्फोट होतो, आणि हीटर नसलेल्या इंजिनातही रिंगा तुटतात. डिझेल पोहोचत नसेल तर असे चालू झालेले इंजिन लगेच पुन्हा बंद पडते, म्हणजे त्यातून दोषही कळत नाही.

१०. इंजिनच्या आत

वरचे सर्व निर्दोष असेल तरच इथे यावे. अपवाद एकच: सेल्फ मारताना इंजिन नेहमीसारखे धापा टाकत न फिरता एकसारख्या आवाजात, ओझे नसल्यासारखे भरकन फिरत असेल, तर कॉम्प्रेशन सर्वच सिलिंडरांतून गेले आहे आणि टायमिंगचा गिअर किंवा पट्टा तुटल्याची शक्यता आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून, सेल्फचा एक छोटा झटका देऊन व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हलतात का हे पाहावे. हलत नसतील तर त्यानंतर एकदाही सेल्फ मारू नये आणि गाडी टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी. टोचन करताना प्रॉपेलर शाफ्ट सोडावा, आणि दुसऱ्या गाडीकडून एअर ब्रेकला हवा मिळेल अशी जोडणी करावी.

११. चालू झाल्यावर

गाडी चालू होताच अ‍ॅक्सिलेटर दाबू नये. दहा मिनिटे तशीच चालू ठेवून, ढिला केलेला प्रत्येक जोड पुसून कोरडा करावा आणि पुन्हा पाहावा. चार्जिंग २७.५ ते २८.५ व्होल्टच्या दरम्यान आहे का हे मोजावे. कमी असेल तर पुढच्या थांब्यावर बॅटरीमुळे गाडी पुन्हा अडेल. पारदर्शक नळी तात्पुरती तशीच ठेवून पाच-सात किलोमीटर चालवावे, मग एकही बुडबुडा नाही याची खात्री करून मूळ नळी बसवावी. काढलेला फिल्टर फेकून न देता पात्याने कापून कागद उलगडावा: तपकिरी गंज असेल तर टाकी, काळा चिकट थर असेल तर साठवणीतले डिझेल, आणि चमकणारी धातूची पूड असेल तर पंप स्वतःच झिजतो आहे. पूड दिसली तर गाडी भरून पुढे पाठवू नये. ती इंजेक्टरपर्यंत पोहोचण्याआधी पंप उतरवून घ्यावा.